आजोबांची सुताराची पेटी: किती साफ करायचं आणि कुठं थांबायचं

पार्श्वभूमी

मी पुण्यात जुनी हत्यारं दुरुस्त करतो, जास्त करून सुतारकामाची. घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, त्यात एक बेंच, एक व्हाइस आणि धार लावायचं सगळं सामान, एवढंच. गेल्या वर्षी जुलैत एका मुलाचा फोन आला. तिशीतला, आयटीत नोकरी, गाव कुडाळजवळ. नावं कुणाचीच देत नाही, त्याला आपण नातू म्हणू, कारण पेटी त्याच्या आजोबांची.

आजोबा सुतार. आधी वीसेक वर्षं मुंबईत गोदीत काम केलं, मग गावी येऊन दारं, चौकटी, देव्हारे, पाळणे जे येईल ते करत राहिले. ते जाऊन अकरा वर्षं झाली आणि पेटी तेव्हापासून माळ्यावर. मधे दोन पावसाळे वरची कौलं सरकली होती, पाणी थेट पेटीच्या झाकणावर ठिबकत होतं आणि खाली कुणाला पत्ता नाही. नातू मे महिन्यात गावी गेला, पेटी खाली काढली, उघडली आणि आत सगळं लाल.

पेटी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी नुसती यादी केली. लाकूड सपाट करायचा लोखंडी रंधा एक, लाकडी रंधे दोन, लाकूड कोरायच्या पटाश्या सात, तासायचा वाकस एक, करवती दोन, भोकं पाडायची गिरमिटं दोन, काटकोन एक, रेघ मारायचा खतकस एक. सतरा हत्यारं. शिवाय एक धार लावायचा दगड, मधे इतका झिजलेला की सहाणेसारखा खड्डा पडलाय. तळाशी गंज लागू नये म्हणून ठेवलेल्या कापराच्या वडीचा कागद, वडी केव्हाच उडून गेलेली. म्हणजे म्हातारा माणूस हत्यारं सांभाळणारा होता, गंज त्याच्यानंतरचा आहे, हे त्या एका कागदावरून कळलं.

लोखंडी रंधा शेफिल्डचा, रेकॉर्ड कंपनीचा, निळा रंग अजून कडेकोपऱ्यात शिल्लक. सातातल्या चार पटाश्यांवर इंग्रजीत कास्ट स्टील असा शिक्का. हा शिक्का बघितला की मी जरा सावध होतो. शेफिल्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समननं मुशीत पोलाद वितळवायची पद्धत काढली, त्या पोलादाला हे नाव पडलं. ते महाग, म्हणून बऱ्याच जुन्या पटाश्यांत सगळं पातं पोलादाचं नसतं, साध्या लोखंडावर पोलादाचा एक थर भट्टीत जोडलेला असतो आणि तो थर असतो सपाट बाजूला. सपाट बाजू घासत बसलात की नेमकं पोलादच संपतं. हे पुढं कामाला येणार आहे म्हणून इथंच सांगून ठेवतो.

अडचण

गंज ही अडचण होतीच पण खरी अडचण घरातली माणसं.

नातवाला हत्यारं वापरायची होती. वीकेंडला सुतारकाम शिकत होता, आणि त्यानं इंटरनेटवर आरशासारखे चमकणारे रंधे बघितले होते, त्याला तसंच हवं होतं, नवा रंग, नव्या मुठी, पेटीला पॉलिश. आत्याचं म्हणणं काहीच करू नका, फक्त पुसा आणि काचेच्या कपाटात ठेवा. आणि काका, म्हणजे आजोबांचा थोरला मुलगा, जो गावीच राहतो आणि लहानपणी बापाच्या हाताखाली काम केलेलं, तो फोनवर मला एकच वाक्य बोलला, “माका बाबांचो रंदो व्हयो, दुकानातलो नको.” ते वाक्य मी बेंचसमोरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं.

शिवाय तारीख ठरलेली. घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, अकरा वर्षं ती नुसत्या एका कोयत्यावर भागवली होती, या वर्षी पेटी पाटावर हवी. म्हणजे हातात नऊ आठवडे.

आणि एक नुकसान आधीच झालेलं. नातवानं घाईत एक इंची पटाशी जवळच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे देऊन बघितली होती, नमुना म्हणून. त्यानं ती मशिनच्या चाकावर धरली आणि पाच मिनिटांत चकाचक करून दिली. शिक्का अर्धा पुसला आणि धारेच्या टोकाशी साधारण पाच मिलिमीटर पट्टा निळा पडला. नातू म्हणाला, “दादा, निळा रंग किती भारी दिसतोय ना.” मला पोटात कालवल्यासारखं झालं. पोलाद तापत गेलं की आधी गवताच्या काडीसारखं पिवळसर होतं, साधारण सव्वादोनशे डिग्रीच्या आसपास, आणि तीनशेच्या जवळ गेलं की निळं. निळं म्हणजे लोहारानं दिलेलं पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला. ती धार आता लाकडात दोन ठोके टिकणार नाही. मी बारीक कानस लावून दाखवली, चांगल्या पटाशीवर कानस घसरते, हिच्या टोकाला मात्र लगेच चावली. तेव्हा त्याला पटलं, आणि खरं सांगायचं तर पुढच्या सगळ्या निर्णयांत तो माझं ऐकायला लागला तो त्या कानशीच्या आवाजामुळं.

कोणते पर्याय होते

भंगार किंवा विक्री हा पर्याय नातवाच्या एका मित्रानं सुचवला होता, जुन्या वस्तू घेणारे अशी पेटी घेतात. घरात कुणालाच नको होता, तो विषय तिथंच संपला.

कपाटात ठेवायचं तर काम कमी, फक्त गंज थांबवायचा. पण बंद काचेच्या कपाटात कोकणात काय होतं ते मला माहितीये. हवेतली ओल साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायचा वेग एकदम वाढतो आणि तिकडे जुलै ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या खाली क्वचित येते. हात न लागणारं हत्यार तिथं हळूहळू मरतंच. वापरातल्या हत्याराला निदान रोज कुणीतरी पुसतं.

पूर्ण नवं करायचं, म्हणजे सगळी धातू घासून उघडी करायची, जुना रंग काढून नवा मारायचा, मुठी बदलायच्या. दिसायला छान. पण मग ती आजोबांची पेटी राहिली नसती, काकांचं वाक्य समोर भिंतीवर होतंच.

चौथा पर्याय मी मांडला, प्रत्येक हत्याराला वेगळं बघायचं. लाल गंज काढायचा, काळा थर ठेवायचा. जे कापतं तिथं पूर्ण काम, म्हणजे धार, रंध्याचा तळ, करवतीचे दात, आणि जे धरतो तिथं फक्त साफसफाई आणि तेल. लाल गंज बोटाला लागतो, खवले होऊन पडतो आणि खाली ओल धरून ठेवतो, तो जायलाच हवा. काळा थर घट्ट असतो, पितळी ब्रश मारला तरी जात नाही, उलट खालच्या लोखंडाला थोडं जपतो. लोक दोन्ही एकच समजून घासतात आणि शंभर वर्षांचा काळपट रंग एका दुपारी घालवतात.

एक व्हिडिओ कॉल झाला, काका, आत्या, नातू आणि मी, पाऊण तास. आत्या शेवटपर्यंत नाराज होती पण एका अटीवर तयार झाली, मुठी बदलायच्या नाहीत. बरं झालं तिनं अट घातली.

काय केलं

सुरुवात पटाश्यांपासून. मुठी शक्य तिथं काढल्या, नाही निघाल्या तिथं पात्यापुरतंच बुडवलं. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम सायट्रिक ऍसिड, म्हणजे किराण्यात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. तासाला एकदा बाहेर काढून ब्रश मारायचा आणि बघायचं. तीन ते पाच तासांत काम होतं, रात्रभर ठेवायचा मोह टाळायचा, कारण ऍसिड गंज संपला की चांगल्या लोखंडाला हात घालतं आणि वर राखाडी मेणचट रंग येतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, धुवायचं, आणि लगेच म्हणजे अगदी लगेच कोरडं करायचं. मी हेअर ड्रायर वापरतो. पावसाळ्यात ओलं पातं दहा मिनिटं नुसतं ठेवलं तर डोळ्यासमोर परत पिवळं पडतं. मग शिलाई मशिनच्या तेलाचा हात.

मग धार. इथं तो खड्डा पडलेला दगड समजून घ्यायला लागला. आजोबांनी त्याच दगडावर वर्षानुवर्षं धार लावली, त्यामुळं सगळ्या पटाश्यांची सपाट बाजू टोकाकडे किंचित फुगीर झालेली. पुस्तकी पद्धत म्हणते सपाट बाजू पूर्ण सपाट करा. तसं करायला गेलो असतो तर ते वर सांगितलेलं पातळ पोलाद निम्मं घासून गेलं असतं. म्हणून फक्त टोकापासून पाऊण इंच, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंत. उतार पंचवीस डिग्री ठेवला, अगदी टोकाला तीसचा बारीक कड. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली की न घसरता धरली पाहिजे, एवढी परीक्षा मला पुरते.

निळ्या पडलेल्या पटाशीचं दोन पद्धतींनी होऊ शकत होतं. लोहाराकडे भट्टीत घालून परत पाणी द्यायचं, किंवा निळा भाग घासून मागं यायचं. जोडपोलादाची जुनी वस्तू भट्टीत घालायची माझी तयारी नव्हती, जोड उघडला तर सगळंच गेलं. घासून मागं आलो. हातानं, दगडावर, पाणी घालत, सहा मिलिमीटर घालवायला तीन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक मिलिमीटरला कानस लावून बघत होतो, सहाव्याला ती घसरली.

लोखंडी रंध्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सुटा केला, स्क्रू आधी दोन दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवले, जबरदस्ती केली की जुन्या स्क्रूची खाच फाटते. अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, बीड ठिसूळ असतं, म्हणून ठोकाठोकी नाही. अंगाला ऍसिड लावलंच नाही, कारण निळा रंग सुटला असता, नुसतं रॉकेल आणि पितळी ब्रश. तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघितलं तर मधे बारीक फट. नातवाला वाटलं अख्खा तळ घासायचा. गरज नसते. पुढचं टोक, मागचं टोक आणि पात्याच्या तोंडाजवळची जागा एका रेषेत आली की रंधा चालतो, बाकी ठिकाणी डाग राहिले तर राहू दे. पात्याच्या सपाट बाजूला धारेलगत गंजाचे खड्डे होते, प्रत्येक खड्डा म्हणजे लाकडावर एक उभी रेघ, त्यामुळं पातं चार मिलिमीटर मागं घेतलं. नवं पातं बाजारात मिळालं असतं पण जुन्यात अजून इंचभर आयुष्य होतं.

त्या रंध्याच्या मागच्या मुठीला वरच्या बाजूनं तडा गेलेला आणि त्यावर आजोबांनी सुतळी गुंडाळून वर लाख बसवलेली. आत्याची अट नसती तर मीही कदाचित मूठ बदलली असती. मूठ हातात धरल्यावर कळलं की सुतळीचे वेढे बरोबर तर्जनीच्या खाली येतात आणि लाख अंगठ्याच्या आकारात दबलीये. मी ती नुसती कोरड्या कापडानं पुसली.

लाकडी रंध्यांना आणि मुठींना पॉलिश पेपर अजिबात नाही. किंचित ओलं कापड, मग दोन दिवस वाळवून जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात. इथं एक सूचना कळकळीनं करतो, जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

वाकसाचा दांडा मात्र वाळवीनं आतून खाल्लेला, तो धोक्याचा, तुटला तर पातं पायावर. अट मोडायला लागणार होती म्हणून आत्याला फोन केला. तिनं विचारलं कसला बसवणार, मी म्हटलं खैराचा. ती म्हणाली घरात मोडकं मुसळ पडलंय, खैराचंच आहे, ते चालेल का. चाललं. काकांनी तासून पाठवलं.

आणि पेटी. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात मापं लिहिलेली, दार ३ फूट २ इंच ५ सूत, त्याखाली देवळाची खिडकी, त्याखाली कुणाच्या तरी पाळण्याचं माप. नवीन वाचकांसाठी, सुताराच्या हिशोबात एका इंचाचे आठ सूत. नातवाला पेटी घासून पॉलिश हवं होतं, तो झाकण उलटं करून ते वाचत बसला आणि परत पॉलिशचा विषय काढला नाही. झाकणाला आतून काहीच लावलं नाही, बाहेरून तेल.

कुठं चुकलो

काटकोन. शिसवी दांड्यात पोलादी पट्टी, पितळी रिबिटा. पट्टीवर लाल गंज होता, मी पट्टीच बुडवली, दांडा वर ठेवला. पण द्रावण पट्टीच्या कडेनं फटीतून वर चढलं आणि दांड्याच्या आत शिरलं. संध्याकाळी लाकूड फुगलेलं, चार दिवसांनी वाळलं तेव्हा पट्टी हलली होती. तपासायची सोपी रीत आहे, सरळ कडेच्या फळीवर काटकोन लावून रेघ मारायची, मग काटकोन उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर बरोबर. माझ्या रेघांमधे सहा इंचाला जवळजवळ एक मिलिमीटर फट, म्हणजे खरी चूक त्याच्या निम्मी. दारं-चौकटी करणाऱ्या माणसानं आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवला ते माप माझ्या हातून बिघडलं. मी नातवाला आणि काकांना त्याच दिवशी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले रिबिटा ठोकून बघू नको, तसाच पाठव.

रिबिट हलकी ठोकून पट्टी परत जागेवर आणता येते, पण पितळ एकदा पसरलं की परत मागं नाही. तो निर्णय माझा नव्हता, त्यांचा होता, आणि त्यांनी घेतला.

आज परत करायचं झालं तर लाकडात बसवलेली कुठलीच पट्टी मी द्रावणात घालणार नाही. कापडाच्या पट्ट्या द्रावणात भिजवून नुसत्या पोलादावर गुंडाळायच्या, लाकडापासून बोटभर लांब, आणि त्या बोटभर जागेत बारीक स्टील वूल आणि तेल, वेळ लागला तरी लागू दे. दुसरं म्हणजे व्हिडिओ कॉल मी काम घ्यायच्या आधी करायला हवा होता, यादी झाल्यावर नाही. नातवाला एकट्याला ऐकून मी पहिल्या आठवड्यात रंध्याचा निळा रंग काढायची तयारीसुद्धा केली होती, डबा आणून ठेवला होता. तिसरं, मोठ्या करवतीला वीज लावून गंज काढायचा विचार होता, धुण्याचा सोडा, पाणी, बॅटरीचा चार्जर, करवत ऋण टोकाला आणि भंगार लोखंड धन टोकाला. पद्धत चांगली आहे, फक्त धन टोकाला स्टेनलेस स्टील कधी लावू नये, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं, आणि हे सगळं उघड्यावर करावं कारण हायड्रोजन निघतो. पण वेळ उरला नाही. मोठी करवत मी तेल लावून तशीच परत दिली. घाईत केली असती तर दुसरा काटकोन झाला असता.

काय झालं पुढं

सतरापैकी चौदा हत्यारं कामाला तयार होऊन परत गेली, मोठी करवत आणि एक गिरमिट राहिलं, काटकोन बिघडला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नातू गाडीनं पेटी घेऊन गेला. काकांनी पूजा व्हायच्या आधीच रंधा बाहेर काढला, परसात फणसाची फळी होती तिच्यावर चालवला. मला नातवानं व्हिडिओ पाठवला, पहिले दोन फटके अडखळले, मग त्यांनी पातं जरासं मागं घेतलं, स्क्रूकडे न बघता, आणि तिसऱ्याला पिवळी, लांब, अखंड सोलपट निघाली. नातू हसत होता. काका सोलपट हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होते.

ठेवायचं कसं ते मी कागदावर लिहून दिलं होतं. पेटी भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर. वर्तमानपत्रात काही गुंडाळायचं नाही, कागद ओल धरतो, जुनं सुती धोतर फाडून वापरायचं. कापराची वडी दर महिन्याला नवी. हत्यार हाताळलं की तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवायचं, कारण घामात मीठ असतं आणि बोटाचा ठसा आठवड्यात लाल उमटतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडायची.

या वर्षी पावसाळा संपल्यावर मी नातवाला म्हटलं सगळ्यांचे फोटो पाठव. तीन हत्यारांवर डाग होते, वाकस, एक पटाशी आणि रंध्याची बाजू. तिन्ही डाग गोल, रुपयाएवढे. मला आधी कळेना, मग पूजेचे फोटो काढून बघितले. ओल्या बोटानं हळदकुंकू लावलेलं आणि वर झेंडूचं ओलं फूल, रात्रभर तसंच. काकांना सांगितलं. यंदा त्यांनी हळदकुंकू पेटीच्या लाकडावर लावलं, लोखंडावर नुसत्या कोरड्या अक्षता टाकल्या आणि दिवेलागणीला सगळं पुसून तेल लावलं. वाकस आणि पटाशीवरचे डाग नातवानं पितळी ब्रशनं काढले. रंध्यावरचा काकांनी काढू दिला नाही.